अधिक-उणे दहा

सासरे निवृत्त झाले आणि घरातल्या बाकी तिघांचं आयुष्य संपलं. पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म साहेबकी केलेला माणूस. आता हुकूम सोडायला घरच उरलं. स्वयंपाकघरातले डबे उंचीनुसार लागले. आंघोळीला कोण किती वेळ लावतं, याची दाराबाहेर उभं राहून चौकशी होऊ लागली. सगळ्यात वाईट हाल जावयाचे. तो राहायलाच सासऱ्यांच्या घरात, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

म्हणून इमारतीच्या अध्यक्षपदाला सासरे उभे राहिले, तेव्हा जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षाची खोली तळमजल्यावर होती. एकदा निवडून आले की सकाळी खाली जातील ते दिवेलागणीलाच वर येतील! समोर उमेदवार होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई.

"तिच्यापुढे अख्खी इमारत आ वासून बसते, पण बोलतं का कुणी? तिला काय कळणार लोकांच्या मनातलं!" सासरे म्हणाले. "जावईबापू, लोकांची मतं विचारायचीच नोकरी करता ना तुम्ही? होऊन जाऊ दे एक चाचणी."

"करतो. पण बाबा, तुम्ही बरोबर यायचं नाही."

"का? खातोय का मी कुणाला? नुसता दारात उभा राहीन."

आणि ते उभे राहिले. प्रत्येक दारात, जावयाच्या खांद्यावरून थेट समोरच्याच्या डोळ्यांत बघत. माणसं आधी जावयाकडे बघायची, मग सासऱ्यांकडे, आणि घाईघाईने म्हणायची, "काकांनाच!" दुसऱ्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याने तर प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर देऊन दार लावून घेतलं.

"सत्तर टक्के," रात्री जावयाने निकाल सांगितला. "त्रुटीची मर्यादा अधिक-उणे दहा."

"म्हणजे ऐंशी!"

"किंवा साठ."

"उणं कशाला धरता? जरा शुभ बोलावं माणसाने. आणि साठ तर साठ, जिंकलोच की!"

इथे जावयाने तोंड उघडायला हवं होतं. हे दहा टक्के फक्त योगायोगाचे. ही घरं सोडून दुसरी विचारली असती तर आकडा किती हलला असता, एवढंच ते सांगतात. उमेदवार दारात उभा असताना लोक जे खोटं बोलतात ते त्या दहात बसत नाही. त्याला मर्यादाच नसते. ऑफिसात नव्या पोरांना हे सांगून सांगून त्याचा घसा बसला होता. पण डोळ्यांपुढे ती तळमजल्यावरची खोली आली. गरजवंताला अक्कल नसते.

"जिंकलोच, बाबा," तो म्हणाला.

झालं! सासऱ्यांनी नवा कोट शिवायला टाकला, 'अध्यक्ष' अशी पितळी पाटी करून आणली. प्रचाराला एका दारी गेले नाहीत. जिंकलेला माणूस मतं कशाला मागेल? उलट आत्तापासूनच कारभार हातात घेतला. एकाची गाडी हलवायला लावली, दुसरीच्या गॅलरीतल्या कुंड्या काढायला लावल्या, म्हाताऱ्याला जिन्यात खोकतो म्हणून झापलं. जावई रोज संध्याकाळी मनातल्या मनात सत्तरातून काही ना काही वजा करत राहिला आणि रात्री कुशीवर वळून पडला.

सासरे तीन मतांनी पडले.

जावई स्वयंपाकघरात ओट्यावर डोकं टेकून बसला. "दोन मतं! फक्त दोन मतं तिकडची इकडे आली असती ना, तरी सुटलो असतो."

बायकोने आईकडे पाहिलं. सासूबाईंनी नळ मोठा सोडला.

"त्या दोन मतांचं म्हणशील तर," बायको हळूच म्हणाली, "ती आमचीच."

जावयाने ओट्यावरचं डोकं वर केलं. "अगं, बाबा दिवसभर खाली बसले असते!"

"खाली कुठे? ती खोली गळते. सगळ्या बैठका आपल्या हॉलमध्ये घेणार होते ते. रोज!"

"आणि वीस-वीस माणसांचा चहा?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही करणार होता?"

"पण आई, मला सांगायचं तरी!"

"तू अख्ख्या इमारतीला विचारत फिरलास," बायको म्हणाली. "आम्हाला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. घरची मतं त्याने खिशातलीच धरली होती. एवढी वर्षं दुनियेला मत विचारून पोट भरलं आणि ज्या दोघींच्या हातचं खाल्लं, त्यांना विचारायचं सुचलं नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात हॉलमधून हाक आली. सासरे नवा कोट घालून कागद पसरून बसले होते. चेहरा अगदी टवटवीत.

"सगळ्यांना पुन्हा विचारून आलो मी. जो तो शपथेवर सांगतोय, काकांनाच दिलं! याचा अर्थ काय? मोजणीत घोळ. आता फेरचाचणी. दार-दार, महिनाभर, आणि कचेरी इथेच, हॉलमध्ये. रजा टाका, जावईबापू." मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या दोघींकडे रोखून पाहिलं. "घरापासूनच सुरुवात करू. तुम्ही कुणाला दिलंत?"

"तुम्हालाच की!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

"लिहा," सासरे समाधानाने म्हणाले. "आपलं घर शंभर टक्के. त्रुटी शून्य."

जावयाने लिहिलं.