सबनीसांचे ठिपके

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळचे दहा. रक्कम एकोणीसशे रुपये, आवाज मोजायचं मीटर घेण्यासाठी. हजर: अध्यक्ष पेडणेकर, खजिनदार म्हणून मी, नऊ सभासद आणि सबनीस. सबनीसांचं नाव वेगळं लिहितो, कारण ते सभेला लॅपटॉप, एक्स्टेन्शन बोर्ड आणि थर्मामीटर घेऊन येतात. चहा आला तेव्हा सगळ्यांनी कप उचलले. सबनीसांनी कपात थर्मामीटर बुडवला, आकडा टिपला आणि मगच कप तोंडाला लावला.

"गेल्या चार सभांच्या सरासरीपेक्षा तीन अंशांनी थंड," ते म्हणाले.

चहा माझ्या घरून आला होता.

सबनीस आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतात. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत आयुष्य काढून निवृत्त झाले. कारखाना सुटला, मोजणं सुटलं नाही. साठी उलटल्यावर व्हिडिओ बघून आकडे मांडायचं सॉफ्टवेअर शिकले. तेव्हापासून दिसेल ते मोजतात, मापांचे वेळेप्रमाणे गट पाडतात, प्रत्येक गटाची सरासरी काढतात आणि तिचा ठिपका आलेखावर टाकतात. ठिपक्याला वरखाली एक उभी रेघ असते. गटातली मापं किती इकडेतिकडे पळतात, ते ती रेघ दाखवते. सोसायटीतली पोरं तिला 'काकांची मिशी' म्हणतात.

अशा माणसाशी बोलणं सोपं नसतं. "आज फार उकडतंय, नाही?" असं म्हटलं की उत्तर येतं, "किती मापांवरून म्हणता?" माझ्या बायकोला ताप आला तेव्हा विचारपूस करायला आले.

"किती आहे?"

"एकशे दोन," मी म्हणालो.

"एकदाच घेतला? एक माप म्हणजे अफवा, वहिनी. दर तासाला घ्या, गट पाडा, सरासरी काढा, मग आजारी पडा."

बायको तापातसुद्धा उठून बसली आणि हळूच मला म्हणाली, "यांना चहा विचारू नका."

नाक्यावरच्या वडेवाल्याकडेही ते खिशातला छोटा वजनकाटा घेऊन जात. "सहा ते सात या गटात तुझा वडा बारीक होतो," असं त्यांनी भर गर्दीत सांगितलं. वडेवाला झारा न थांबवता म्हणाला, "काका, तुम्ही चारला या, जाडा वडा खा. पण काटा घरी ठेवा."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पाण्याच्या प्रकरणात सबनीस खरे ठरले, आणि खरा ठरलेला माणूस सोसायटीला जास्त जड जातो. नळाला धार नाही म्हणून पंपवाल्याने दिवसभराची सरासरी दाखवली होती: सगळं झकास. सबनीसांनी तो कागद दोन बोटांत धरला.

"रुंद गट म्हणजे गोधडी," ते म्हणाले. "खाली कोण झोपलंय ते दिसत नाही."

त्यांनी पाच-पाच मिनिटांचे गट पाडले आणि संध्याकाळी सातचा ठिपका विहिरीत पडावा तसा पडलेला दाखवला. त्या वेळी अध्यक्ष पेडणेकर स्वतःच्या घरातली टाकी मोटर लावून भरत असत. पेडणेकरांनी मोटर काढली. सबनीसांना नमस्कार करणंही थांबवलं.

आता डंक्याचं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीचा एक गाळा आहे. त्यात गीताबाई भोईर मसाला कांडून देतात. डंका म्हणजे त्यांचं यंत्र, त्यात लोखंडी मुसळं वर जातात आणि उखळात दाणकन आदळतात. मार्च ते मे अख्खा परिसर तिथे मिरच्या घेऊन येतो आणि अख्खी इमारत शिंकते. गाळ्याचा करार त्या महिन्यात संपत होता. पेडणेकरांना तो पुढे न्यायचा नव्हता. खरं सांगायचं तर मलाही नव्हता.

गीताबाई सभेत दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "मना हेच तीन महिनं काम असतं. डंका काढलाव तं मी खाऊ काय? आणि तुमच्या घरातला मसाला काय आभाळातून परतो?"

शेवटी ठरलं ते असं: सबनीसांनी पंधरा दिवस आवाज मोजायचा. सरासरी सत्तर डेसिबलच्या वर गेली तर गाळा रिकामा. पेडणेकर खुशीत होते. डंका सबनीसांच्या बरोब्बर खाली. त्यांच्याइतका त्रास कुणाला? शिवाय हा माणूस ठिपक्याच्या बाबतीत सख्ख्या भावाला सोडणार नाही.

पंधरा दिवसांनी सबनीसांनी आलेख दाखवला. सगळे ठिपके सत्तरच्या रेघेखाली, शाळेतल्या गरीब मुलांसारखे खाली मान घालून बसलेले.

पेडणेकर ओरडले, "म्हणजे आमचे कान खोटे?"

"तुमचे कान म्हणजे एक माप," सबनीस म्हणाले. पण नेहमीसारखा आवाज चढला नाही.

मला आकड्यांची खोड आहे. मी ठिपके मोजले. सकाळी आठ ते रात्री आठ, ठिपके सहा. एकाही ठिपक्याला मिशी नाही.

"सबनीस, गट केवढ्याचे आहेत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दोन तासांचे."

डंका एका वेळी पाच-सात मिनिटं चालतो, मग थांबतो. दोन तासांच्या शांततेत ती पाच-सात मिनिटं कुठल्या कुठे विरून जातात. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते एक्स्टेन्शन बोर्डाकडे पाहत होते. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. "आकडे एकदा तपासतो, निर्णय संध्याकाळी," असं म्हणून मी सभा थांबवली.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. बोलायचं ठरवूनच गेलो होतो: लोकांना एक माप आणि स्वतःला दुसरं? दार उघडून ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. मीटर भांड्यांच्या मांडणीवर ठेवलेलं होतं. मांडणी सबनीसांच्या पत्नी सुमनवहिनी दोन वर्षांपूर्वी वारल्या तेव्हा होती तशीच, ताटं उभी, वाट्या उपड्या, डाव खिळ्याला. ओट्यावर मात्र एकच ताट, एकच पेला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात खाली डंका सुरू झाला. फरशी थरथरली. ताटाला ताट लागलं, वाट्या किणकिणल्या, डाव भिंतीवर टकटक करायला लागला. सबनीस उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि पाठ करून खुर्चीत बसले. मीही गेलो.

"पाच मिनिटांचे गटही पाडलेत मी," ते म्हणाले. "पंच्याऐंशीपर्यंत जातो."

"मग?"

"इथे बसून ऐका ना. कुणीतरी आत चहा टाकतंय असं नाही वाटत?"

डंका थांबला. भांडी गप्प झाली. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि खरे आकडे माझ्यापुढे सरकवले.

संध्याकाळी मी पाच मिनिटांचे आकडे सभेत वाचले. मर्यादा ओलांडते, हे सांगितलं. गोधडी कुणी घातली होती, ते सांगितलं नाही. मग ठराव मांडला: डंका फक्त दुपारी दोन ते पाच, गाळ्याच्या झरोक्याला जाळी, करार एक वर्ष पुढे. पेडणेकर दुपारभर त्यांच्या दुकानात असतात, त्यामुळे त्यांना ठराव लगेच न्याय्य वाटला. सबनीसांनी हात वर केला नाही. "मी पक्षकार आहे," एवढंच म्हणाले. पुढच्या सभेला ते पुन्हा थर्मामीटर घेऊन आले आणि माझा चहा पुन्हा नापास झाला.

जुलैत मसाल्याचा हंगाम संपलेला असतो. डंक्यावर ताडपत्री टाकलेली असते. जिन्यात सबनीस भेटले. "आर्द्रतेचे गट पाडतोय," म्हणाले, पण हातात यंत्र नव्हतं.

मी बाजारातून दोन किलो हळकुंडं आणली आणि गाळ्यात गेलो.

"आता? पावसान?" गीताबाई म्हणाल्या. "हलद सादळल ना, दादा."

"सादळू दे. कांडा. आणि घाई करू नका."

त्यांनी एकदा वर छताकडे पाहिलं आणि ताडपत्री ओढली.

कांडपाचे एकशे साठ रुपये. गीता भोईर यांना रोख दिले. पावती घेतली नाही.