टाकीखालचे घरमालक

मालमत्ता वाढेल तसा स्वतः घराबाहेर जाणारा घरमालक मी एकच पाहिला आहे. लोहाऱ्यातले आमचे शेजारी बबनराव. सध्या ते स्वतःच्याच घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली राहतात.

कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कर्ज काढून मागच्या अंगणात खोल्या बांधल्या आणि एमआयडीसीतल्या कामगारांना किरायाने दिल्या. मोबाइलवरच्या व्हिडिओत टाय लावलेला एक तरुण रोज 'पोर्टफोलिओ वाढवा' सांगायचा. तो त्यांना फार पटला होता. आणखी खोल्यांसाठी ते बँकेत गेले, तर साहेब म्हणाले, "काका, तुमची कर्जाची मर्यादा संपली."

"मर्यादा बँकेची संपली, सर," बबनराव मला म्हणाले. "जागा पाह्यली का निंगते."

जागा निघाली ती त्यांच्याच घरात. आधी बैठक एका जोडप्याला गेली. मग झोपायची खोली नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना. स्वयंपाकघरही गेलं, त्या दिवशी ते खाट आणि स्टोव्ह घेऊन जिना चढले. चेहरा निवडून आल्यासारखा.

"स्वतःसाठी एक तरी खोली ठेवायची हो," मी म्हणालो.

"लग्नाचं राह्यलं ते राह्यलंच. एकट्या माणसाले खोली कायले पाह्यजे?"

यंदा भर मे महिन्यात बैठकीतलं जोडपं सोडून गेलं. गच्ची तापून निघत होती. "आबा, ऊन लागन तुमाले. चाला खाली," नर्सिंगच्या एका मुलीने दटावलं. आम्हीच खाट बैठकीत आणली, कूलर लावून दिला.

दुसऱ्या संध्याकाळी पाहतो, तर खाट पुन्हा टाकीखाली.

"काहून हो?"

"खाली निरा कूलरच आयकू येते." त्यांनी डोळे मिटले. "बसा घडीभर."

मी बसलो. शेतांकडून वारा येत होता, उजेड हळूहळू विरत होता. खालून कुकरची शिट्टी आली. "पोरीयचं वरण," ते पुटपुटले. मागच्या खोल्यांत कोणाचं तरी बाळ रडलं आणि थोपटल्यासारखं शांत झालं. कोणी गुणगुणत बादली भरत होतं. भरल्या घरात मधोमध झोपलेल्या माणसासारखे बबनराव पडून होते. मलाही उठवेना.

"बैठकीतून काही येऊन नाही राह्यलं," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "लेकरंवालं बिऱ्हाड पाहजा एखांदं, सर. किरायाचं पाहू मंग."