बिनपायांची चिमणी

"नाव बरोबर. फोटो बरोबर. जन्मतारीख बरोबर. सही..."

प्रवेशपरीक्षेच्या दारातल्या बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.

"ही कुणाची?"

"माझी."

"आणि अर्जावरची?"

"तीपण माझीच. पण ती आधीच्या मीची."

सतरा वर्षांच्या या मुलीने वर्षभरात पाच सह्या बदलल्या होत्या. कुणाशीच बोलायचं नाही असं ठरवलं, तेव्हाची सही कुणालाच वाचता येत नसे. अर्ज भरला त्या आठवड्यात ती पक्ष्यांवर कविता करत होती, म्हणून आडनावाच्या शेवटी उडती चिमणी. हल्ली तिचा साधेपणावर विश्वास बसला होता. एक आडवी रेघ. बस्स.

"रेघेला मी आत सोडत नाही," बाई म्हणाल्या. "चिमणी काढा. दहाला फाटक बंद."

नऊ चाळीस.

पहिली चिमणी: बदक.

दुसरी: किटली.

तिसरी बाईंनी उलटी धरूनही पाहिली. "ही बरी आहे. पण हिला पाय आहेत. अर्जावरचीला नाहीत."

"बाई, चेहरा बघा ना! मीच आहे!"

"चेहऱ्याबद्दल माझी तक्रारच नाही. पुढचा!"

नऊ पन्नास. ती धापा टाकत फाटकाबाहेर आली. तिथे स्कूटरवर दादा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड, भांग जागच्या जागी. आपण दादासारखं व्हायचं नाही, एवढं एकच तिचं वर्षभर पक्कं होतं. आणि तिच्या प्रत्येक सहीला पोट धरून हसला होता तोही हाच.

"दादा, हसायचं नाही हं."

"मी कुठे हसतोय?" तो हसत म्हणाला.

"माझी ती चिमणी कशी होती रे?"

दादाने पेन घेतलं आणि तळहातावर, पेन न उचलता, एका झटक्यात चिमणी काढली. "शेपटापासून सुरू करायचं, वेडे. चोच आपोआप येते."

चिमणी हुबेहूब होती. जरा जास्तच हुबेहूब.

"तुला कशी येते?"

दादा आरशात भांग बघू लागला. मग त्याने गळ्यातलं कार्ड हळूच उलटं केलं. मागे त्याची सही. आडनावाच्या शेवटी उडती, बिनपायांची.

"नोकरीला लागलो तेव्हा म्हणाले, सही करा. मला काही सुचेचना. तुझी... चांगली होती गं."

"आणि मला सहा महिने चिडवत होतास?"

"मग काय, मागितली असती तर दिली असतीस?"

नऊ अठ्ठावन्न. शेपूट, पंख, चोच. बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि मान डोलावली. "जा पळ. आणि आता जन्मभर हीच ठेव."

"नाही जमणार, बाई," ती जिन्यावरून ओरडली. "ती दादाला दिलीय!"