भिंतीकडे तोंड केलेली पुस्तकं

"दोन दिवस पुस्तकाला हात लावायचा नाही," एवढी एकच अट बायकोने घातली होती आणि निवृत्त ग्रंथपालांनी ती मुकाट्याने मान्य केली होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीने दोघांना महानगरातल्या एका नव्या, बड्या हॉटेलात पाठवलं होतं. आजवर ते जिथे जिथे फिरायला गेले, तिथे नवऱ्याने पुस्तक उघडलं आणि बायकोने एकटीने समुद्र पाहिला. या खेपेला तिने त्यांची बॅग स्वतः तपासली होती. मोज्यांच्या घड्यासुद्धा.

"आणि लावलात, तर मी पुन्हा तुमच्याबरोबर कुठे यायची नाही," ती म्हणाली होती. आवाज चढवला नव्हता, म्हणून ग्रंथपाल जास्तच घाबरले होते.

हॉटेल मात्र झकास होतं. खोलीतले दिवे टाळी वाजवली की लागत आणि ग्रंथपाल शिंकले की विझत. नाश्ता झाल्यावर बायको मालिश करून घ्यायला गेली. "अकराला येते. इथेच बसा. माणसं बघा," असं सांगून गेली.

ते लॉबीत बसले. माणसं पाहिली. समोर भिंतभर पुस्तकं होती आणि झाडून सगळी उलटी ठेवलेली. कणा आत, पानं बाहेर. त्यामुळे भिंत कशी एकरंगी, दुधाळ दिसत होती. पण ग्रंथपालांना ती पुस्तकं शिक्षा झालेल्या वर्गासारखी वाटली. सगळी भिंतीकडे तोंड करून उभी.

त्यांनी नजर वळवली. कारंजं पाहिलं. परत पुस्तकं पाहिली. नुसतं नाव बघणं म्हणजे काही वाचन नव्हे, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी एक पुस्तक सरळ केलं. ते मधमाश्यांवरचं निघालं. शेजारी रहस्यकथा, तिच्या शेजारी बागकाम. पस्तीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाच्याने हे बघवेना. त्यांनी बाह्या सरसावल्या. साडेनऊपर्यंत खालचे चार कप्पे विषयवार लागले होते.

"काका, एखादी रहस्यकथा मिळेल का?" मागून कुणीतरी विचारलं. टक्कल पडलेले, पांढऱ्या झग्यातले एक गृहस्थ होते.

"तीन आहेत. रक्तपात चालतो का?"

"मध्यम."

"मग ही घ्या."

पुस्तक नुसतं कसं देणार? टेबलावरचं हॉटेलचं कोरं पॅड ग्रंथपालांनी ओढलं, खोलीचा नंबर लिहिला, सही घेतली आणि परतीची वेळ घातलेली चिठ्ठी पुस्तकात सरकवली. ते पाहून दोन बायका आल्या. मग एकाने लॅपटॉप मिटला. बघता बघता रांग लागली. ग्रंथपालांच्या अंगात दहा वर्षांपूर्वीचं बळ आलं.

सव्वादहाला मॅनेजरबाई आल्या आणि भिंतीपुढे थिजल्याच.

"हे काय केलंत काका? ही सजावट आहे!"

"पुस्तकं आहेत, बाई."

"सजावटीची पुस्तकं!"

"वाचता येतात पण. मी पाहिलं ना."

"अकराला फोटोवाले येताहेत या भिंतीचे फोटो काढायला. मी आत्ताच तुमच्या मॅडमना बोलावून घेते."

"नको, नको!" ग्रंथपालांना घाम फुटला. "तिला काही बोलू नका. अकराच्या आत सगळी जागच्या जागी लावतो. उलटीसुद्धा करून देतो."

मग यादी घेऊन त्यांची धावपळ सुरू झाली. मॅनेजरबाई मागोमाग होत्याच. व्यायामशाळेत एक बाई चालत्या पट्ट्यावर वाचत होत्या.

"दोन पानं थांबा हो, तो आता कबूल करणार आहे."

"तो नाही करत. मेहुणीने केलाय खून. द्या इकडे."

असा शेवट त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितला नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं, पण पुस्तक मिळालं. अकराला पाच कमी असताना एकच उरलं, पहिल्या गृहस्थांचं.

"माझ्याकडे कुठे आहे?" ते म्हणाले. "मालिशीसाठी बसलो होतो. शेजारच्या बाई 'बघू जरा' म्हणाल्या, त्या परत द्यायलाच तयार नाहीत. त्या बघा, तलावाकाठी."

ग्रंथपाल तिकडे वळले. आरामखुर्चीवर त्यांची बायको बसली होती, पुस्तक अगदी नाकाशी धरून.

"मालिश?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नंबर येऊन गेला माझा." तिने मान वर केली नाही. "हात लावलात ना तुम्ही? चिठ्ठीवर अक्षर तुमचं आहे."

"लावला. रागावलीस?"

"थांबा हो! तिने आत्ताच दार उघडलंय."

ग्रंथपाल बघतच राहिले. "घरी कधी वाचलं नाहीस ते?"

"घरी दोघांनी वाचलं असतं, तर दुधाकडे कुणी बघितलं असतं?"

मॅनेजरबाईंनी हात पुढे केला. "काका, एवढं एकच राहिलंय. द्यायला सांगा."

ग्रंथपालांनी यादी काढली, शेवटच्या ओळीतली वेळ खोडली आणि नवी घातली. "मुदत वाढवली आहे."

"भिंतीत भोक दिसेल हो!"

"दिसू दे. भोक दिसलं की समजावं, पुस्तक कुणाच्या तरी हातात आहे."

मॅनेजरबाई कपाळावर हात मारून निघून गेल्या. ग्रंथपाल शेजारच्या खुर्चीवर टेकले. पुस्तक नव्हतं, म्हणून त्यांनी तलाव पाहिला. खरंच छान होता.

"पाणी किती निळं आहे नाही?" ते म्हणाले.

"हं," बायको म्हणाली आणि तिने पान उलटलं.

तो हुंकार ग्रंथपालांच्या चांगल्या ओळखीचा होता. पलीकडून ऐकायची वेळ मात्र त्यांच्यावर आज पहिल्यांदाच आली होती.