गाढवाच्या आवाजानं सुधारलेलं पोलाद

एका जंगलात पोलादाची भट्टी होती. जंगलात भट्टी कशाला, असं विचारू नका मुलांनो. तिथल्या गजराजांना रथात बसायची हौस होती आणि ते बसले की चाकांमधला पोलादी आस मोडायचा. महाराजांच्या वजनाबद्दल बोलायला बंदी होती. त्यामुळे दोष पोलादाचा ठरला.

भट्टी धोंडबा अस्वलाची. त्यानं ओतलेले दोन आस मोडले होते. तिसरा मोडला तर धोंडबाच्या कातड्याचा गालिचा करायचा, असा हुकूम सुटला. धोंडबाला आपलं कातडं फार आवडायचं.

तसा पोलादातही दोष होताच. रस साच्यात थिजताना आत बुडबुडे अडकायचे. हातोडी मारली की आस बद्द वाजायचा.

भट्टीच्या आढ्याला गोदाक्का नावाच्या वटवाघूळबाई लटकून झोपायच्या. एके दुपारी धगीनं त्यांची झोपमोड झाली. त्यांनी साच्याकडे तोंड करून धोंडबाची अशी खरडपट्टी काढली की काही विचारू नका. धोंडबाला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही, कारण वटवाघळाचा आवाज असतोच तेवढा बारीक. पण साच्यातला रस थरथरला आणि बुडबुडे भराभरा वर येऊन फुटले. थंड झाल्यावर आस खणखणीत वाजला. साच्याच्या तोंडाशी उरलेला तुकडा फोडून पाहिला, तर आतला दाणा रव्यासारखा बारीक, म्हणजे पोलाद पक्कं.

धोंडबानं हात जोडले. दर ओतकामाला येऊन असंच रागवा, म्हणाला. गोदाक्कांना तेवढंच हवं होतं.

पण दरबाराची मंजुरी लागते ना. तपासणी समिती आली. अध्यक्ष कासव, सदस्य घोरपड. दोघं तासभर साच्याजवळ कान देऊन बसले.

"आवाज कुठाय?" कासवानं विचारलं.

"असतो साहेब, पण ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही, तर आम्ही नोंद कशाची करायची?"

गोदाक्कांना कमी करण्यात आलं. त्यांच्या जागी खंडूजी गाढवाची नेमणूक झाली. ते साच्याशेजारी उभे राहून ओरडले आणि घोरपडीनं लगेच सही केली.

धोंडबा मात्र हादरला. त्यानं काय करावं? गोदाक्कांना गुपचूप खंडूजींच्या फेट्यात बसवलं. नवा आस उत्तम निघाला. महाराज बसले, रथ चालला. शाल आणि नारळ खंडूजींना मिळाले. शाल त्यांनी तिथंच खाल्ली.

पुढच्या ओतकामाला सारा दरबार भट्टीवर जमला आणि नेमका खंडूजींचा घसा बसला. नुसतं तोंड उघडलं, आवाज काही फुटेना. फेट्यात गोदाक्का काम करतच होत्या, आणि आस आधीच्यापेक्षा सरस निघाला. धोंडबाला वाटलं, आता तरी आक्कांचं नाव होईल.

कासवाचे डोळे भरून आले.

"खंडूजींचा आवाज आता इतका बारीक झालाय," ते म्हणाले, "की आपल्यासारख्यांना ऐकूच येत नाही."

गोदाक्कांनी फेट्यातून डोकं काढलं आणि अख्ख्या दरबाराला सुनावलं. कुणाला काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी धोंडबाकडे पाहिलं. धोंडबानं बोलायला तोंड उघडलं, आपल्या कातड्यावरून एकदा हात फिरवला आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याला लाज वाटत होती. टाळ्या मात्र त्याच्याच सगळ्यात मोठ्या होत्या.

तात्पर्य: ऐकू न येणारा आवाज असतो, मुलांनो. फक्त तो गाढवाचा असावा लागतो.