'शुभ' तेवढं राह्यलंय

सालोमी सिस्टरच्या घरी चहा मिळतो, पण त्याआधी सुई ओवून द्यावी लागते. ही अट सगळ्यांना सारखी. गॅसची टाकी आणणारा असो, मीटर बघायला आलेला असो, चर्चचे पाळकसाहेब असोत की शेजारी म्हणून मी. कोणीही दारात उभं राहिलं की सिस्टर लाल दोऱ्याचं रीळ आणि सुई पुढे करतात. "आलेच आहात तर एक ओवून द्या." ओवलेली सुई त्या फलालीनच्या एका जुन्या तुकड्यात टोचून ठेवतात आणि मगच स्वयंपाकघरात वळतात. एकट्या माणसाला इतक्या सुया लागतात कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "असू द्या. कामाला येतात."

सिस्टरनी उभी हयात नर्स म्हणून नोकरी केली. जालन्यातल्या आमच्या गल्लीत त्यांच्या हातचं इंजेक्शन घेतलं नाही असा माणूस शोधावा लागेल. आयुष्यभर टोचलेल्या सुया आता त्या परत वसूल करून राहिल्यात, असं माझी बायको सुनीता म्हणते.

सुया लागतात त्या नाताळच्या भरतकामाला. दिवाळीचे फटाके थांबले की सिस्टरच्या पलंगाखालून पत्र्याची पेटी बाहेर निघते. तिच्यात येशूबाळाच्या गव्हाणीत अंथरायची हातभर गोधडी आहे, चर्चच्या टेबलावर घालायचं चांदण्यांचं कापड आहे, उशांचे अभ्रे आहेत. आणि सगळ्यांत मोठा म्हणजे चर्चच्या भिंतीवर लावायचा पडदा. यांतली प्रत्येक वस्तू सुरू झालेली आहे आणि एकही पुरी झालेली नाही. पडद्यावर 'शुभ नाताळ' लिहायचंय. त्यातला 'नाताळ' झालाय, तोही बघत राहावा असा. 'शुभ'च्या जागी कोरं कापड. खाली एका मेंढराचं मागचं अंग शेपटीसकट तयार आहे. तोंडाचा पत्ता नाही. ते बिचारं किती वर्षं तसंच उभं आहे देव जाणे.

"झालं का सिस्टर?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "झाल्यात जमा. 'शुभ' तेवढं राह्यलंय."

हे वाक्य आता गल्लीचं झालंय. नगरपालिकेनं रस्ता खोदून ठेवला, 'शुभ' तेवढं राह्यलंय. कोणाचा साखरपुडा होऊन लग्न लांबलं, 'शुभ' तेवढं राह्यलंय. सिस्टरच्या कानावर हे जातं, पण त्यांना त्याचं काही वाटत नाही.

बरं, बाई आळशी म्हणावी तर तसंही नाही. त्यांचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा आणि एका ओळीत. दुसऱ्याचा वाकडा टाका त्यांना बघवत नाही. माझ्या नव्या शर्टाची शिलाई बघून एकदा म्हणाल्या, "कोणी शिवला वो हा? मुंगी बी याच्यापेक्षा सरळ चालते." मी तो शर्ट नंतर त्यांच्यासमोर घातला नाही. दर वर्षी त्या पेटीतलं सगळं धुतात, इस्त्री करतात, झालेल्या भागाला चार टाके घालतात आणि नाताळ झाला की डांबराच्या गोळ्या टाकून परत ठेवून देतात. सुनीतानं एकदा पडदा मांडीवर ओढून घेत चांगल्या मनानं म्हटलं, "सिस्टर, आणा इकडं, 'शुभ' मी भरून देते." सिस्टरनी तिच्या मांडीवरून पडदा काढून घेतला. "त्या अंगाला हात लावायचा न्हाई." सुनीता दोन दिवस फुगली होती.

यंदा मात्र गोष्ट गळ्याशी आली. पाळकसाहेब आले, त्यांनी सुई ओवली, चहा घेतला आणि घसा साफ करून म्हणाले, "सिस्टर, औंदा पडदा झाला तर बरं. न्हाई तर मंडळी फ्लेक्स लावू म्हणून राह्यली."

"काय ऱ्हाईल फ्लेक्सवर?"

"शुभ नाताळ. अन् एका कोपऱ्यात नगरसेवकाचा फोटो. खर्च तेच देऊन राह्यले."

सिस्टरनी पाळकसाहेबांच्या पुढची खारीची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. त्या सहसा कोणाकडे जात नाहीत. माझी शाळा वाटूरच्या पुढं, मी रोज अप-डाऊन करतो. "वाटूरला बस थांबती का वो सर?" असं त्या अधूनमधून विचारायच्या. मी "थांबते" म्हणायचो आणि विषय तिथंच संपायचा. या वेळी त्यांच्या हातात मोठी कापडी पिशवी होती.

"फाट्याजवळ राहेलबाई म्हणून हाय, अंगणवाडीतून रिटायर झालेली. माझी धाकटी बहीण. तिला द्या."

इतक्या वर्षांत सिस्टरना बहीण आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं. मी विचारलं, "निरोप काय सांगू?"

"निरोप कशाला? पिशवी द्या."

शाळा सुटल्यावर मी वाटूरला उतरलो. राहेलबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नाक थेट सिस्टरचं. पिशवी त्यांनी डाव्या हातानं घेतली, बाजेवर पडदा उलगडला आणि 'नाताळ'वर अगदी नाक टेकेपर्यंत वाकल्या.

"टाका तसाच हाय अजून हिचा," त्या म्हणाल्या. मग बाजेच्या कडेला बसल्या. "आम्ही शेजारी बसून भरायचो. मी डावखुरी, म्हणून डावं अंग माझं, उजवं तिचं. कोपराला कोपर लागत न्हाई. एका नाताळला माझं सगळं तिनं रातोरात उसवलं अन् स्वतः भरलं. म्हणे, तुझा टाका लांब पडतो, तिरपा जातो. सकाळी उपासनेला बसले तं समोर सगळी मेंढरं तिचीच. मी तशीच उठले. जेवले बी न्हाई, बस धरून आल्ते."

"मग?"

"मंग काय. तिनं बोलावलं न्हाई, मी गेले न्हाई."

मी म्हणालो, "पेटीतल्या सगळ्या कापडांचं डावं अंग कोरं आहे. माझ्या बायकोला हातसुद्धा लावू दिला नाही."

राहेलबाईंनी पिशवीत पुन्हा हात घातला आणि तळाशी असलेला फलालीनचा तुकडा बाहेर काढला. त्याच्यात सगळ्या सुया होत्या, गॅसवाल्याची, पाळकसाहेबांची. माझी तर मी गाठीवरून ओळखली. प्रत्येकीत लाल दोरा ओवलेला. त्या चष्मा काढून पुसत बसल्या.

"मला सुई ओवता येईना झाली, हे हिला कोणी सांगितलं?"

मला खूप वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तिथं जास्त वेळ थांबणं बरं नव्हतं, म्हणून मी बस पकडली.

त्याच आठवड्यात राहेलबाई पिशवीसकट गल्लीत हजर झाल्या. मी ओट्यावरच होतो. सिस्टर दारात आल्या. मला वाटलं, आता सुई पुढे होणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आधी जेव."

नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत दोघी पडद्यावर वाकून शेजारी शेजारी बसलेल्या दिसायच्या. बोलणं फारसं ऐकू यायचं नाही. नाताळला आम्ही दोघं नेहमीसारखे चर्चला गेलो. पडदा भिंतीवर होता. 'नाताळ' ओळीत उभा आणि 'शुभ' लांब लांब टाक्यांचं, वाऱ्यानं कलल्यासारखं. मेंढराला तोंड आलं होतं. अंगाच्या मानानं ते जरा मोठंच होतं.

उपासनेनंतर सिस्टरच्या घरी करंज्या खाताना मला राहवलं नाही. मी हळूच म्हणालो, "सिस्टर, 'शुभ' जरा तिरपं गेलंय."

"गेलंय," सिस्टर म्हणाल्या. "रात्री हात लई शिवशिवले सर. पण न्हाई लावला."

आणि त्यांनी करंज्यांची बशी राहेलबाईंच्या डाव्या हाताला सरकवली.