हकीकत गाडीच्या चांदव्याची आणि मानाच्या खुर्चीची

श्रीसूर्यनारायण समर्थ. तो तळपतो म्हणोन सावलीस मोल, आणि सावलीस मोल म्हणोन तीत बसणारास मोठेपण. त्याचे चरणी मस्तक ठेवोन, मात्र मस्तकावर टोपी घालोन, ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध तृतीया, रविवार, ते दिवशी एका राज्यात धरणाचे काठी जे घडले ते आपण विचारिले, म्हणोन पाहिले ऐकिले तैसे सांगतो. पदरचे मीठ चवीपुरतेच.

त्या राज्याचे धनी श्रीमंत धैर्यशीलराव. राज्य म्हणावे तर दुमजली बंगला, मागे आमराई आणि पुढे भाड्याने दिलेली दुकाने. परंतु बोलण्यात सरहद्द फार लांबवर जात असे. रावांस कन्या एकच, नाव शर्वरी. तिने शेजारच्या राज्याचे हिंदुराव यांचे धाकटे चिरंजीव सत्यजित आपल्या मनाने पसंत केले होते आणि चिरंजीवांनी तिला. दोघे एके कचेरीत नोकरीस असोन पुष्कळ दिवस एकमेकांचे डबे खात होती. उरला तो फक्त हिंदुरावांचा होकार. हिंदुरावांचा शिरस्ता ऐसा की, सोयरीक जुळवावयाची तर आधी समोरच्याकडे दिवसभर बसावे, जेवावे, आपला मान कोण कैसा ठेवतो ते बारकाईने पाहावे, आणि निघतेवेळी पान तोंडात टाकोन होय की नाही ते एका शब्दात सांगावे. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांची सोयरीक चहाची बशी आधी दुसऱ्यापुढे गेली एवढ्यावरोन मोडली होती, आणि ते थोरले अद्याप आईच्या हातचेच जेवतात. सबब त्या रविवारी पानाबरोबर नाही ऐसा शब्द निघता तर दोघा लेकरांचा विषय तेथेच संपता. हे शर्वरीस ठाऊक, सत्यजितास ठाऊक, आणि धैर्यशीलरावांची तर झोप उडाली होती.

मग मसलत बसली. रावांचे मेहुणे रंगराव हे राज्याचे प्रधान. त्यांस स्वतःचे काम कोणतेच नसल्यामुळे दुसऱ्याच्या प्रत्येक कामात ते असत. ते बोलिले, "दाजी, बंगल्यात पाहुणचार कुणीबी करतंय. सोफा, फरसाण, एसी. हिंदुरावांनी असले सोफे लई झिजवल्यात. आपण त्यांना कॅम्पिंगला न्यायचं, धरणावर." राव म्हणाले, "धरणावर ऊन असतंय." रंगराव म्हणाले, "मग गाडीवर चांदवा कशाला बसवलाय? पूजेला?" हा मुद्दा बिनतोड ठरला. आता चांदवा म्हणजे काय, तर गाडीच्या टपावर डावे अंगास एक लांबट काळी पेटी असते, तीतून कापड ओढोन बाहेर काढावे, पुढल्या दांडीस दोन पाय असतात ते जमिनीवर टेकवावे, दोर ताणोन खुंट्या ठोकाव्या, आणि खाली खुर्च्या मांडोन आपण रानात आलो ऐसे म्हणावे. फिरंगी लोक यास ऑनिंग म्हणतात. धैर्यशीलरावांनी हा चांदवा बसविल्यापासोन एकदाही उन्हात उघडला नव्हता, कापडाचा रंग उडेल म्हणोन. बंगल्याच्या पोर्चमध्ये छपराखाली उघडोन आल्यागेल्यास दाखवीत असत.

रविवारी सकाळी कूच जाहले. निसर्गात साधेपणाने दिवस काढावयाचा होता, म्हणोन सामानास निराळा टेंपो केला, आणि त्यात गाद्या, तक्के, शेगडी, पिंपभर पाणी, कलिंगडे आणि मटणाचा सरंजाम भरला, आणि गाडीत रावांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब पुढल्या जागेवर बसल्या, कारण त्यांस मागे मळमळते. मोकळे आकाश पाहावे या हेतूने निघालेली ही मंडळी. धरणावर पोहोचताच त्यांनी पहिले काम केले ते आकाश झाकण्याचे. सूर्य तेव्हा नुकता वर आला होता. रंगरावांनी गाडी अशी उभी करविली की सूर्य गाडीच्या पलीकडे राहावा आणि चांदवा पाण्याच्या बाजूस उघडावा. सावली लांबच लांब पडली, पार काठापर्यंत. "बघा दाजी," रंगराव बोलिले, "अजून शंभर माणूस बसंल." मग मानाप्रमाणे बैठक ठरली. चांदव्याच्या अगदी पुढल्या काठाशी, पाण्याकडे तोंड करोन, गादी घातलेली खुर्ची हिंदुरावांची. तिचे शेजारी बिनगादीची धैर्यशीलरावांची. त्यांचे मागे गाडीला टेकोन इतर पुरुषमंडळी. आणि गाडीच्या पलीकडे, जेथे ऊन रणरणत होते, तेथे शेगडी, आचारी आणि तरुण मंडळी. शर्वरी आणि सत्यजित यांचीही रवानगी तिकडेच जाहली, की लहानांनी मोठ्यांत बसो नये. सूर्य पलीकडे होता म्हणोन पलीकडची बाजू हलकी ठरली, आणि तो तेथेच राहील ऐसे सर्वांनी धरोन चालले. कारण त्या दरबारात धन्याच्या परवानगीवाचोन जागा सोडणारा तोवर कोणी निपजला नव्हता.

हिंदुराव सहकुटुंब आले, त्यांस हारतुरे जाहले, सरबत जाहले, आणि त्यांनी मानाची खुर्ची मागोन, पुढोन न्याहाळली, गादी दाबोन पाहिली आणि बसले. मग जेवणे जाहली. तांबडा रस्सा दोनदा मागविला, हे सुचिन्ह म्हणोन रंगरावांनी डोळ्यांनी खूण केली. इकडे सूर्य, ज्यास कोणी आमंत्रण दिले नव्हते, तो हळूहळू डोक्यावरोन पुढे आला आणि पाण्याच्या बाजूने चांदव्याखाली डोकावू लागला. प्रथम हिंदुरावांच्या पायातले बूट तापले, मग गुडघे, आणि घटकाभरात दोघेही धनी पुरते उन्हात आले, वर पाण्याची चकाकी डोळ्यात. सावली मात्र पाऊल पाऊल मागे सरत गाडीखालोन पलीकडे निघोन गेली आणि हलक्या माणसांच्या बाजूस जाऊन पसरली. हिंदुरावांचे कुटुंब, म्हणजे होऊ घातलेल्या विहीणबाई, शेजारीच बसल्या होत्या. त्या "पाय मोकळे करून येते" म्हणोन उठल्या आणि गाडीला वळसा घालोन गेल्या त्या गेल्या. पलीकडोन कलिंगड चिरल्याचा आवाज आला.

धैर्यशीलरावांनी हळूच विचारिले, "व्याही, ऊन तर लागत नाही ना?" हिंदुराव म्हणाले, "आम्हाला? आमच्या वडिलांनी भर वैशाखात विहीर खोदली." राव म्हणाले, "स्वतः?" हिंदुराव म्हणाले, "खोदून घेतली. पण उभे तर तेच होते." रावांच्या कपाळावरोन घाम नाकाच्या शेंड्यावर आला, तो त्यांनी पुसला नाही, कारण पाहुण्यांनी आपला पुसला नव्हता. अखेर राव म्हणाले, "खुर्ची जरा मागं घ्यायची का?" हिंदुरावांनी मान वळविली आणि म्हणाले, "मागं?" एवढेच. रंगराव पाठीशी येवोन रावांच्या कानात म्हणाले, "दाजी, मागं हा शब्द काढू नका. थोरल्याची सोयरीक बशीवरनं मोडलीय, तुम्ही तर आख्खी खुर्ची सरकवताय." मग रंगरावांनी स्वतःच्या अकलेने आक्कासाहेबांची फुलाफुलांची छत्री आणोन पाहुण्यांपुढे धरली. हिंदुराव म्हणाले, "आम्ही सोयरीक बघायला आलोय की भाजी विकायला बसलोय?" छत्री परत गेली. इतक्यात पलीकडोन मोठा हशा उठला. हिंदुरावांनी विचारिले, "तिकडं काय चाललंय?" आणि धैर्यशीलराव उन्हाच्या भरात बोलोन गेले, "काही नाही, हलकी माणसं आहेत तिकडची." हिंदुराव म्हणाले, "आमच्या मंडळी तिकडंच आहेत." आणि मग शांतपणे म्हणाले, "पान आणा."

पान रावांच्या हाती आले, ते पुढे करावयास त्यांचा हात होईना, आणि पान मागितले ही खबर गाडीआडोन डोकावणाऱ्या सत्यजिताने पलीकडे नेली. तो शर्वरीस म्हणाला, "संपलं. कपाळ बघितलंस का त्यांचं? टोमॅटो झालंय. आता पान खाणार आणि नाही म्हणणार, आणि एकदा म्हटलं की परत नाही फिरत." शर्वरीने कलिंगडाची फोड खाली ठेविली आणि म्हणाली, "खुर्ची मागं येत नसेल तर सावली पुढं नेऊ. गाडी फिरवून पाण्याच्या बाजूला घेते." तो म्हणाला, "छत उघडं असताना?" ती म्हणाली, "दांडी धरायला इतकी माणसं जेवलीत, ती काय कामाची?" आणि ती थेट वडिलांपुढे येवोन उभी राहिली आणि हात पुढे करोन म्हणाली, "बाबा, किल्ली." रावांनी तिचा बेत ऐकोन घेतला आणि पेटीकडे पाहिले. पेटीवर लाल अक्षरांत लिहिले होते की, छत उघडे असता वाहन हलवू नये. राव म्हणाले, "फाटला तर, बाळ?" ती म्हणाली, "फाटू दे." तेव्हा राव तिच्याकडे पाहत राहिले, आणि खिशातोन किल्ली काढोन तिच्या हातावर ठेविली. त्या राज्याच्या इतिहासात रावांनी न बोलता केलेली ही एकच गोष्ट.

शर्वरी गाडीत बसली तोच आक्कासाहेब आडव्या आल्या. म्हणाल्या, "थांब गं. गाडी पुढं घेऊन पाहुण्यांभोवती वळवणार म्हणजे पाहुणा डाव्या हाताला. ही उलटी प्रदक्षिणा झाली. ती कुठं घालतात ठावं हाय न्हवं?" चितेभोवती, हे सर्वांस ठावे होते. हिंदुरावांची भुवई वर गेली. शर्वरी खिडकीतोन म्हणाली, "मग मागं मागं घेते, आत्या. रिव्हर्सनं गेलं की सुलटी होतीय." आक्कासाहेबांनी बोट हवेत फिरवोन हिशेब पाहिला, पुन्हा एकदा फिरविले, आणि म्हणाल्या, "होतीय. घे." मग खुंट्यांचे दोर सुटले, दांडीच्या एका टोकास रंगराव लागले, दुसऱ्यास आचारी, मधे सत्यजित कापड सावरीत, आणि गाडी मागे सरू लागली. तिच्या पोटातोन टीं टीं ऐसा भाट ललकारू लागला आणि आक्कासाहेब पुढे होवोन म्हणत होत्या, "येऊ दे, येऊ दे, रंगा दगड बघ, येऊ दे." असा डोलारा हलला. दोर मात्र एक सुटावयाचा राहिला होता. ती खुंटी धन्याच्या खुर्चीपाशी असोन दोरावर धन्याचाच बूट होता, आणि रावसाहेब पाय उचला ऐसे म्हणावयास कोणी धजले नव्हते. गाडी मागे गेली, खुंटी आपल्या जागी ठाम राहिली, आणि चांदवा पेटीपासोन टर्रकन या टोकापासोन त्या टोकापर्यंत उसवला. रंगरावांनी दांडी सोडोन प्रथम स्वतःस वाचविले. कापड हवेत एकदा फुगले आणि दोन्ही धन्यांवर, दोन्ही खुर्च्यांवर, सावकाश येवोन बसले.

शर्वरी गाडीतोन उतरली आणि तोंडावर हात धरोन उभी राहिली. सत्यजित कापड उचलावयास वाकला, तो आतोन हिंदुरावांचा आवाज आला, "राहू दे. गार आहे." मग थोडी खुडबुड जाहली, आणि बाहेर जे ऐकू आले ते असे. "व्याही, लागलं तर नाही ना?" "नाही. खुर्ची कलंडली. खाली बसलोय." "मीही खालीच." "दिसतंय का काही तुम्हाला?" "काही नाही." "मलाही नाही." "ऊन फार होतं हो." "फार म्हणजे काय, डोक्यात भाजी शिजत होती." "मग बोलायचं नाही का?" "मी पाहुणा, मी कसा बोलू?" "आणि मी यजमान, मी तरी कसा?" यावर आत दोघेही हसू लागले, आणि कापडास आतोन हिसके बसू लागले. "पोरीनं गाडी सफाईनं मागं घेतली," हिंदुराव म्हणाले. "खुंटी माझी होती," राव म्हणाले. "ते कळलं मला." "आणि ते हलकी माणसं म्हटलं, ते—" "सोडा. आमच्या मंडळीला सावली कळते, मला कळत नाही, एवढंच त्यात खरं. पान आहे का हो जवळ?" "आहे. चुरगळलंय." "द्या." मग चघळल्याचा आवाज, आणि त्यामागोन, भरल्या तोंडाने, परंतु बाहेर सर्वांस स्वच्छ ऐकू येईल ऐसा, "होय."

विहीणबाईंनी साखर वाटली. सत्यजिताने शर्वरीकडे पाहिले आणि ती मघा खाली ठेविलेली कलिंगडाची फोड हुडकू लागली. मात्र कापडाखालोन बाहेर यावयाची वेळ आली तेव्हा आतोन "आधी आपण" आणि "छे, आधी आपण" ऐसे सुरू जाहले, आणि ते बराच वेळ चालोन दिवस कलला, ऊन उतरले, मग आक्कासाहेबांनी दोन्ही टोके धरोन कापड एकदम ओढोन घेतले.

एवंच, सोयरीक जाहली, चांदवा गेला, पेटी टपावर रिकामी आहे ती राव अद्याप पुसवोन घेतात. रंगराव सांगत हिंडतात की, कापड पाडावयाची मसलत मुळात त्यांचीच. लग्न वैशाखात धरिले असोन, मांडवात दोघा व्याह्यांपैकी कोणाची खुर्ची पुढे यावरोन उभय राज्यांत बोलणी अडली आहेत. शर्वरीने फाटका चांदवा धुवोन, घडी घालोन, हाताशी ठेविला असे.